ट्रंकेतले जुने स्टँप पेपर आणि रेव्हेन्यू तिकिटे: कापायची, भिजवायची की तशीच ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. आत मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेली खते, सावकारीच्या पावत्या आणि कोर्टाचे कागद आहेत. काहींवर राजाच्या मुखवट्याचे एक आण्याचे तिकीट, काहींवर सांगली संस्थानाचा मुद्रांक, दोन-तीन ठिकाणी मिरज. बऱ्याच तिकिटांना भोके आहेत, काहींवर शाईने खरडलेले आहे. त्यातली ‘चांगली’ तिकिटे भिजवून सोडवावीत, अल्बम करावा आणि बाकीची रद्दी काढावी असा तुमचा विचार आहे. शिवाय या सगळ्याची किंमत किती, हेही हवे आहे.

पहिले उत्तर एका ओळीत देतो: कात्री आणि पाण्याची परात, दोन्ही बाजूला ठेवा. किंमत, वर्गवारी, अल्बम हे सगळे सावकाश करता येईल, पण कापलेला कागद पुन्हा जोडता येत नाही.

तुमचा विचार टपाल तिकिटांच्या सवयीतून आलेला आहे. आपण सगळेच लहानपणी पाकिटावरची तिकिटे भिजवून, वर्तमानपत्रावर वाळवून वहीत चिकटवत आलो. टपाल तिकीट पत्र पोचवण्याचा मोबदला असतो, ते पाकिटावरून सुटले तरी त्याची ओळख बऱ्यापैकी शाबूत राहते. रेव्हेन्यू तिकीट ही कर भरल्याची खूण आहे. कर कशावर भरला, कोणी, कुठे आणि कधी, हे तिकिटावर नसते, ते भोवतीच्या कागदावर असते. कापून काढलेले एक आण्याचे तिकीट म्हणजे बाजारात कुठेही मिळणारे एक आण्याचे तिकीट. तेच पावतीवर असेल तर तासगावच्या कोणत्या पेढीने कोणत्या साली कोणाकडून व्याज घेतले, याचा तो पुरावा होतो.

हा कर आपल्याकडे पोस्टाच्या तिकिटांपेक्षा कितीतरी जुना आहे. इंग्लंडमध्ये १६९४ पासून मुद्रांक शुल्क होते. कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगालमध्ये स्टँप पेपर आणला आणि पुढे मुंबई, मद्रास इलाख्यांतही तो आला. तेव्हा चिकटवायचे तिकीट नव्हतेच, कागदावरच ठसा उमटवलेला असे. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली आणि १८६० मध्ये प्राप्तिकराबरोबर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच स्टँप कायदा आला. चिकटवायच्या तिकिटांचा सुकाळ त्यानंतरचा. मग १८७० चा कोर्ट फी कायदा आणि १८९९ चा स्टँप कायदा. तुमच्या ट्रंकेतले बहुतेक ब्रिटिश कागद या शेवटच्या दोन कायद्यांच्या छायेतले असणार, म्हणून हे दोन लक्षात ठेवले तरी पुरे.

आता तुम्हाला ‘खराब’ वाटलेल्या तिकिटांकडे येऊ. माझ्याकडे कागद दाखवायला येणारे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात.

भोके. कोर्ट फी कायद्याचे तिसावे कलम सांगते की कागद दाखल करून घेताना अधिकाऱ्याने तिकिटावरचा मुखवटा पंच करून काढून टाकायचा, पण किमतीच्या आकड्याला धक्का लावायचा नाही, आणि काढलेला तुकडा जाळून किंवा अन्य प्रकारे नष्ट करायचा. म्हणून तुमच्या कोर्टाच्या कागदांवर राणीला किंवा राजाला डोकेच नाही. ती नासधूस नव्हे, कारकुनाने कायद्याप्रमाणे केलेले काम आहे. बऱ्याच ठिकाणी कागद दप्तरखान्यात पोचला की तिथे पुन्हा वेगळ्या आकाराचे भोक पाडत. वापरलेल्या कोर्ट फी तिकिटाला भोक असणे स्वाभाविक. उलट, कागदावर चिकटलेले आहे आणि भोक नाही, असे दिसले तर मी भिंग काढतो. कधी ते खरेच कारकुनाच्या नजरेतून सुटलेले असते, कधी कोणीतरी नंतर चिकटवलेले असते.

शाईचे खरडणे. स्टँप कायद्याच्या बाराव्या कलमाने चिकटवलेले तिकीट लावणाऱ्यानेच रद्द करायचे असते, तिकिटावरून आडवी सही किंवा आद्याक्षरे आणि तारीख घालून. आजही आपण रेव्हेन्यू तिकिटावर अर्धी सही तिकिटावर आणि अर्धी कागदावर करतो ती त्यातूनच. त्या सहीचा उरलेला अर्धा भाग तुम्ही कापून टाकणार होता! ज्याला सही येत नसे त्याच्या नावापुढे नांगराची किंवा तागडीची निशाणी काढलेली सापडेल. कुणबी असेल तर नांगर, वाणी असेल तर तागडी. असा कागद मिळाला तर तो वेगळा काढून ठेवा, मला व्यक्तिशः दुर्मिळ तिकिटापेक्षा तो जास्त आवडेल.

तुम्ही लिहिले आहे की पावत्यांवर ‘पोस्टाचीच तिकिटे चुकून लावली आहेत’. चुकून नाही. १९०६ पासून एडवर्ड राजाच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असे दोन्ही छापायला लागले, तेच तिकीट पत्रालाही चाले आणि पावतीलाही. त्याआधीच्या पावत्यांवर मात्र स्वतंत्र रसीद तिकीट सापडेल, तेव्हा पावत्या १९०६ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन गठ्ठ्यांत लावून बघा. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आणा, असा १८९९ च्या कायद्यातला दर होता. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच कुळाला दिलेल्या वीस-वीस रुपयांच्या बिनतिकिटाच्या दोन पावत्या निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आण्याची बचत करणारे पूर्वीही होते. आता ही मर्यादा पाच हजार रुपये आणि तिकीट एक रुपयाचे आहे.

उलटा प्रकारही झालेला आहे, तो गमतीचा म्हणून सांगतो. १८६६ मध्ये सहा आण्यांची टपाल तिकिटे तातडीने हवी होती, तेव्हा सरकारने परदेशी हुंड्यांसाठीची ‘फॉरेन बिल’ तिकिटे घेतली, त्यांचे वरचे-खालचे पट्टे कापले आणि हिरव्या शाईत ‘पोस्टेज’ छापून विकली. टपालवाले संग्राहक रेव्हेन्यूला सावत्र समजतात, पण या तिकिटासाठी चांगले पैसे मोजतात.

संस्थानी कागद हा तुमच्या ट्रंकेतला खरा माल. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

ग्वाल्हेर, इंदूर, धार, हैदराबाद अशा काही संस्थानांनी स्वतःच्या नावाची टपाल तिकिटे वापरली. सांगली, मिरज, कोल्हापूर, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी या आपल्याकडच्या संस्थानांची टपाल तिकिटे नव्हती, तिथे टपाल इंग्रजांचेच होते. पण न्यायकचेरी आणि दस्तनोंदणी संस्थानाची स्वतःची, म्हणून कोर्ट फी आणि स्टँप पेपर स्वतःचे. म्हणजे या संस्थानांचे ‘तिकीट’ हवे असेल तर ते फक्त याच कागदांवर मिळते.

तुमच्याकडे सांगली, मिरज आणि ब्रिटिश असे तिन्ही कागद एकाच घरात कसे, हा तुम्हाला पडलेला प्रश्न त्या भागाचा नकाशा पाहिला की सुटतो. तासगाव ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते. सांगली संस्थान सलग नव्हते, मंगळवेढा त्याचे, तिकडे तेरदाळ त्याचे, बेळगावला लागून असलेले शहापूरही त्याचेच. मिरजेत थोरली पाती आणि धाकटी पाती (पाती म्हणजे घराण्याची शाखा) अशी दोन वेगळी संस्थाने. शेजारच्या दोन गावांचे दोन राजे आणि तिसऱ्या गावाला कलेक्टर, अशी स्थिती होती. जमीन ज्या हद्दीत, स्टँप त्या सरकारचा. १९४८ च्या मार्चमध्ये दख्खनची संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसले म्हणजे तो दूर साताऱ्याचा आहे असे समजून बाजूला टाकू नका. आणि मिरजेचा कागद निघाला की पाती कोणती ते आधी वाचा. देवासचेही असेच, तिथेही थोरली आणि धाकटी पाती. विक्रेते सर्रास नुसते ‘मिरज’ किंवा ‘देवास’ लिहून मोकळे होतात.

ओळखीसाठी जगभरचे संग्राहक अडॉल्फ कोपेल आणि रेमंड मॅनर्स यांच्या संस्थानी मुद्रांकांच्या सूचीचे क्रमांक वापरतात. तिचा पहिला खंड १९८३ चा, चिकटवायच्या तिकिटांचा, आणि दुसरा १९८९ चा, मुद्रांक कागदांचा. कागदांसाठी अख्खा वेगळा खंड करावा लागला, यावरूनच तुम्ही काय कापायला निघाला होता ते लक्षात यावे. स्टँप पेपरवरचा छापील मुद्रांक चौकोनी कापून ‘बिनदात्याचे (म्हणजे कडेला दाते नसलेले) दुर्मिळ तिकीट’ म्हणून विकणारे महाभाग आहेत. ते तिकीट नसते, कागदाचा तुकडा असतो. घेऊ नका आणि तुम्ही स्वतःही तसे तयार करू नका.

स्टँप पेपर हातात आला की मी आधी उलटा करतो. मागे स्टँप विकणाऱ्याची नोंद असते: अनुक्रमांक, तारीख, किंमत, घेणाऱ्याचे नाव-गाव, विक्रेत्याची सही. पुढचा मजकूर मोडीत असून वाचता आला नाही तरी या नोंदीवरून अनेकदा साल आणि ठिकाण हाती लागते. मग ती तारीख पुढच्या खताच्या तारखेशी ताडून पाहायची. आधी स्टँप घेतला आणि महिन्याने लिहिले, हे चालते. खत आधीचे आणि स्टँप नंतरचा निघाला तर मात्र कोणीतरी मागच्या तारखेचे खत केले असा संशय घ्यायला जागा आहे. नंतर कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण (वॉटरमार्क), बघायचे.

तारखा हे वेगळेच प्रकरण आहे. एकाच कागदावर शक, फसली (महसुली साल) आणि इसवी असे तिन्ही असू शकतात. शकात ७८ मिळवा (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९). आपल्याकडच्या फसलीत ५९० किंवा ५९१. बडोदे-इंदूरकडचा विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा. गोव्याचा कागद निघाला तर साल सरळ इसवी असते, पण पैसे निराळे: एका रुपयाचे सोळा टांग आणि एका टांगाचे बारा रेस, १९५९ पासून एस्कुदो. तिथल्या स्टँप पेपरला ‘पापेल सेलाद’ म्हणत, तोही तितकाच जपण्यासारखा आहे.

आता भिजवण्याबद्दल. टपाल तिकिटे भिजवताना रंग सहसा टिकतो. रेव्हेन्यू तिकिटांच्या शाया मात्र पुष्कळदा मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या असत, कोणी सही धुऊन तिकीट पुन्हा वापरू नये म्हणून. आपली तिकिटे १९२५ पर्यंत लंडनची ‘दे ला रू’ कंपनी छापत होती आणि अशा शायांत ती मुरलेली होती. त्यानंतर छपाई नाशिकला आली. जांभळ्या छटा तर पाण्यात पाहता पाहता उतरतात. त्यात वरची सही बहुधा जुन्या बोरूच्या शाईची, ती पसरते. सरकारने तुमच्यासारख्यांना अडवण्यासाठीच शाई कच्ची ठेवली होती म्हणा ना, फक्त तुमचा हेतू वेगळा आहे.

मग काहीच सोडवायचे नाही का? हे परिस्थितीवर आहे. कागदाला वाळवीने असे खाल्ले असेल की मजकूर उरलाच नाही, किंवा कोणीतरी आधीच कापलेले तुकडे असतील, तर तिकीट वेगळे ठेवायला माझी हरकत नाही. तेव्हाही तिकिटाभोवती दोन बोटे कागद राखून कापतो, भिजवत नाही. कोऱ्या, न वापरलेल्या तिकिटांचा प्रश्न वेगळा, ती अल्बममध्ये जाऊ शकतात. एक आण्याच्या पन्नास सारख्या पावत्या एकाच सावकाराच्या असतील तर काही जण म्हणतील की पाच ठेवा, बाकी द्या. मी गठ्ठा मोडत नाही. एकाच हातच्या पावत्यांची मालिका सलग राहिली की दर, व्याज, चलनातला बदल सगळे दिसते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तो सांधा तुमच्या पावत्यांत सापडला तर मजा आहे.

जपणुकीचे नियम साधे आहेत, पण पाळायला हवेत. घड्या हळूच उघडा, कागद कडकडीत असेल तर उघडूच नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर कधीच नको, स्टेपल आणि गंजलेल्या टाचण्या काढा. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात, त्या कागदाला खातात. पॉलिस्टरचे पारदर्शक पाकीट किंवा आम्लमुक्त कागदाचे फोल्डर वापरा. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. पावसाळ्यात पेटी जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, आणि कसर लागली आहे का हे दसऱ्याला एकदा बघायचे. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून क्रमांक द्या. क्रमांक कागदावर नाही, फोल्डरवर, आणि तोही शिसपेन्सिलीने.

विकण्याआधी दोन गोष्टी तपासा. ट्रंकेत तुमच्या घराण्याची खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे असतील तर ती संग्रहाची वस्तू होण्याआधी मालमत्तेचे कागद आहेत. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर पुरावा कायदा त्याला झुकते माप देतो, आणि ‘योग्य ताबा’ म्हणजे तुमचीच ट्रंक. भाऊबंद आणि वकील यांना दाखवल्याशिवाय एकही खत घराबाहेर जाऊ देऊ नका. दुसरे असे की १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ऐतिहासिक महत्त्वाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव देतो म्हणून पाकीट करून पाठवायच्या भानगडीत पडू नका. अशी सावधगिरी कागद विकत घेतानाही हवी: सरकारी दप्तराचा क्रमांक आणि फाइलीची दोरी असलेला गठ्ठा कोणी रद्दीच्या भावात देऊ लागला, तर तो रद्दीत कसा आला हे विचारा, आणि उत्तर पटले नाही तर हात जोडा.

किंमत मी मुद्दामच शेवटी ठेवली. फोटो न पाहता आकडा सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा घेणारा असतो. एडवर्ड आणि दोन्ही जॉर्ज राजांच्या एक आण्याच्या पावत्या उदंड आहेत, त्यांतून चहा-नाश्ता सुटेल इतकेच. संस्थानी कागदांत भाव चार गोष्टींवर ठरतो: संस्थान किती लहान, मुद्रांक किती जुना आणि किती किमतीचा, कागद पुरा आहे का, आणि त्या आठवड्यात तो हवा असलेली दोन माणसे एकमेकांसमोर आली का. चौथी गोष्ट सर्वांत बलवान आणि कोणाच्याच हातात नसलेली. लहान संस्थानाचा म्हणजे महागच, असेही नाही. कागद दुर्मिळ पण गोळा करणारेही दुर्मिळ, अशी गत पुष्कळदा होते. सुरुवातीच्या, स्थानिक छापखान्यात शिळेवर छापलेल्या ओबडधोबड मुद्रांकांना मात्र मागणी असते, आणि नवख्याच्या डोळ्याला नेमके तेच टाकाऊ वाटतात. जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनांत आता रेव्हेन्यूचा स्वतंत्र वर्ग असतो, त्यामुळे पूर्ण दस्त शोधणारे गंभीर लोक वाढले आहेत.

पुढे काय करायचे ते सांगतो. आधी सगळे कागद तीन ढिगांत लावा: सरकार ब्रिटिश, सरकार संस्थानी, आणि १९४७ नंतरचे. जुना राजाचा साठा स्वातंत्र्यानंतरही काही काळ वापरात होता, त्यामुळे ढीग तारखेवरून लावा, मुखवट्यावरून नाही. मोडी मजकुरासाठी गावात वाचणारे कोणी नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये ही संस्था काढली ती अशाच घरोघरच्या कागदांसाठी. मग संस्थानी ढिगातले पाच-सहा कागद निवडून फोटो पाठवा, सावलीत काढलेले, फ्लॅशशिवाय, शेजारी मोजपट्टी ठेवून. एक फोटो पूर्ण कागदाचा, एक मुद्रांकाचा जवळून, आणि एक पाठीमागच्या नोंदीचा. मालमत्तेच्या खतांवरची नावे आणि गट-सर्वे क्रमांक झाकून पाठवा. पाती आणि साधारण काळ कोणता ते मी सांगेन. विकायचे की नाही, हे घरातल्यांनी ठरवावे.